नागिणीचे तोंड आणि शेपूट

खानापूर ओलांडून लोंढ्याकडे जाताना लागणाऱ्या गुंजीपासून थेट निपाणीपर्यंत कुठेही विचारा, नागीण उठली की पहिला शोध मंतरणाऱ्याचा होतो. काव उगाळून लेप लावतात, पथ्य पाळतात, आणि सगळ्यांना धास्ती एकाच गोष्टीची असते: नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस हाताचा गेला. शिकलेली मंडळी यावर हसतात. कांजिण्यांचाच विषाणू तो, ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या घ्या, पंधरा दिवसांत खपल्या पडतील, असे सांगून मोकळी होतात. गोळीचे त्यांचे खरेच आहे, पण मामला तेवढ्यावर संपत नाही.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी तो विषाणू शरीर सोडत नाही, तो मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून राहतो. पुढे एखाद्या तंतूच्या वाटेने बाहेर पडतो, म्हणून फोड त्या तंतूच्या पट्ट्यातच आणि अंगाच्या एकाच बाजूला उठतात. छातीच्या किंवा पाठीच्या मधली रेषा ते सहसा ओलांडत नाहीत. म्हणजे धडधाकट माणसाच्या अंगावर नागिणीचे तोंड शेपटीला सहसा मिळतच नाही. पट्टा दोन्ही बाजूंना उठला, लागोपाठ तीन-चार पट्टे उठले, किंवा फोड अंगभर विखुरले, तर बहुधा समजावे की विषाणूला आवरून धरणारी प्रतिकारशक्तीच ढासळली आहे, आणि अशा रुग्णाच्या जिवाला खरोखर धोका असतो. मंतरणाऱ्याचा उपाय खोटा, पण त्याच्या भीतीचे बोट योग्य जागी पडते. हसणारा मात्र ‘नागीण’ एवढा शब्द ऐकून थांबतो. ती कोणाच्या अंगावर उठली आहे हे तो पाहत नाही.

माझे म्हणणे या लेखात एवढेच आहे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसातला विषाणूसंसर्ग लक्षणांवरून ओळखायचा असतो, ही समजूत वरवरची आहे. आधी शरीराची अवस्था माहीत हवी, मग लक्षणांचा अर्थ लागतो. आणि ती अवस्था माहीत होणे प्रयोगशाळेपेक्षा आपल्या गावगाड्यावर, लाजेवर आणि औषधाच्या दुकानावर जास्त अवलंबून आहे.

१. लक्षणे करते कोण?

ताप विषाणू आणत नाही, शरीर आणते. लाली, सूज, गाठ, ठणका ही सगळी प्रतिकाराची कामे आहेत. प्रतिकार करणाऱ्या पेशीच उरल्या नसतील तर ही कामे करणार कोण? कुत्रे भुंकले नाही म्हणजे चोर आला नाही, असे समजण्यासारखेच आहे हे. आपण मात्र ‘ताप नाही ना? मग काही नाही’ हा हिशेब सगळ्यांनाच लावतो.

सायटोमेगॅलो नावाचा विषाणू घ्या. भारतातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर मुक्कामाला असतो आणि काही करत नाही. एचआयव्ही झालेल्या माणसाच्या सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकाराच्या पेशी, ५० च्या खाली गेल्या की तो डोळ्याच्या पडद्यावर चालून येतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, चिकटत नाही. रुग्ण फार तर सांगतो, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, कडेचे नीट दिसत नाही. चाळिशीच्या माणसाने असे सांगितले की त्याला चष्म्याच्या दुकानात पाठवले जाते. एक डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयातली तारीख वाचायला लावली तर कधी कधी तिथेच कळते की एका डोळ्यासमोरून मधला आकडाच गायब झाला आहे. पण पडद्याची कड आधी जळत असेल तर या परीक्षेतही तो पास होतो. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची कडेपर्यंत तपासणी करणे हाच खरा मार्ग. डोळ्यात द्यायचे गॅनसायक्लोव्हिरचे इंजेक्शन आणि व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या पुढचे नुकसान थांबवतात. पडद्याचा मेलेला भाग परत मिळत नाही. म्हणून इथे उशीर म्हणजे कायमचे अंधत्व, तेही कुठे न दुखता आलेले.

मेंदूतही हेच घडते. जेसी विषाणू मेंदूतल्या तंतूंचे आवरण नासवतो. हात जड होतो, बोलणे अडखळते, चाल बिघडते. घरचे म्हणतात लकवा झाला, आणि कबुतराचे रक्त चोळण्यापासून सगळे उपाय सुरू होतात. पण लकवा बहुधा घटकाभरात येतो, हा आठवड्या-आठवड्याने वाढत जातो, आणि त्यात ताप नसतो. ‘कधीपासून?’ आणि ‘रोज थोडे थोडे वाढते आहे का?’ हे दोन प्रश्न नीट विचारले तरी निदानाची दिशा बदलते.

तोंडाचे उदाहरण सगळ्यांत सोपे. जिभेवरचा पांढरा थर चमच्याच्या दांड्याने खरवडून निघाला तर बहुधा बुरशी. जिभेच्या कडेला उभ्या पांढऱ्या रेघा असतील आणि खरवडून निघत नसतील, तर त्यामागे एप्स्टाइन-बार विषाणू असू शकतो. तो थर स्वतः निरुपद्रवी असतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तो एचआयव्हीच्या तिसऱ्या टप्प्याची खूण आहे. नागीण दुसऱ्या टप्प्यात येते, आणि महिना उलटला तरी न भरणारी नागिणीच्या चुलत घराण्यातल्या हर्पिसची जखम चौथ्या टप्प्यात, म्हणजे एड्समध्ये. विषाणू साधाच असतो, किती दिवस टिकला यावरून शरीराची स्थिती कळते.

२. ‘कुठून लागला?’ हा प्रश्न इथे चालत नाही

या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला रोग ओळखता येत नाहीत, असे मी म्हणणार नाही. माकडतापाचेच पाहा. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणू २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावी आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. रानात माकडे मरून पडली, काजूच्या हंगामात रानात गेलेली माणसे तापाने फणफणली, गोचिडांचा संबंध लागला. गाव, हंगाम, रान आणि शेजारचा रुग्ण यांवरून रोग ओळखण्याची ही रीत उत्तम आहे, आणि साथीच्या रोगांत ती कामी येते.

संधिसाधू विषाणूंना ती लागू पडत नाही. ते नव्याने बाहेरून आलेले नसतात. नागीण, सायटोमेगॅलो, जेसी, मूत्रपिंडातला बीके, हे सगळे वर्षानुवर्षे आत राहिलेले. गावात दुसरा रुग्ण नाही, हंगाम नाही, मेलेली माकडे नाहीत. ‘कुठून लागला’ असे विचारत बसले की हाती काही लागत नाही. विचारायचे ते ‘आत्ताच का?’

एड्सचा शोधही याच प्रश्नाने लागला. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची नोंद आली. पाचही जणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया होता, आणि पाचही जणांत सायटोमेगॅलो विषाणू सापडला होता. दोन्ही जंतू वैद्यकाला जुनेच. नवे होते ते एवढेच की कालपर्यंत ठणठणीत असलेल्या पोरांना ते झाले कसे. त्याआधी त्याच केंद्रात दुर्मीळ औषधांचा साठा सांभाळणाऱ्या सँड्रा फोर्ड यांना खटकले होते की न्यूमोनियाच्या एका क्वचित लागणाऱ्या औषधाची मागणी अचानक का वाढली. त्या डॉक्टर नव्हत्या, रुग्णही त्यांनी पाहिला नव्हता. कपाटातून काय जाते आहे एवढेच त्या पाहत होत्या. आपल्याकडच्या मेडिकल दुकानदाराला हा किस्सा जरूर सांगावा असे मला फार वाटते, कारण कोण किती दिवस स्टेरॉइड नेतो हे गावात त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते.

३. ‘कोणाला होतो?’ या प्रश्नाने केलेले नुकसान

दोन हजारच्या दशकात देशात एचआयव्हीचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही होते, आणि बेळगाव-बागलकोट हा कर्नाटकातला जास्त झळ लागलेला पट्टा. जिला देवदासी सोडत ती सौंदत्तीची यल्लम्मा बेळगाव जिल्ह्यातलीच. देवदासी सोडण्याला बंदी करणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ चा. देवदासी प्रथेविरुद्धच्या चळवळीत निपाणी आणि गडहिंग्लजच्या कार्यकर्त्यांनी घेतलेले श्रम मोठे आहेत. पण एचआयव्ही आल्यावर एक वाईट सोय झाली. हा रोग ‘त्यांचा’ ठरला. देवदासी, धंदा करणाऱ्या बायका, ट्रकवाले यांच्याकडे बोट दाखवले की बाकीचे गाव सुटले.

तसे ते सुटले नव्हते. नवऱ्याकडून संसर्ग झालेली घरंदाज बाई कोणाच्याच यादीत नव्हती. तिची नागीण ‘उष्णतेची’ ठरली, तिच्या तोंडातले चट्टे ‘पोटाचे’ ठरले. गटावरून जोखीम ठरवणे हे आकडेशास्त्राला ठीक. समोर बसलेल्या एका माणसाला ते लावले की डोळे झाकल्यासारखे होते.

आता तर हा चष्मा आणखीच कुचकामी झाला आहे, कारण प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत एचआयव्हीवाले हा एक भाग उरला. केमोथेरपी घेणारे, मूत्रपिंड बदललेले, आमवातासाठी मेथोट्रेक्झेट घेणारे, हे सगळे आता खेड्यांत राहतात. आणि सगळ्यांत मोठा, कुठेही नोंद नसलेला गट स्टेरॉइडवाल्यांचा. प्रेडनिसोलोनच्या २० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज दोन आठवडे किंवा जास्त घेतल्या तर प्रतिकारशक्ती दबली आहे असे वैद्यक धरते. मांडी घालून दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईची कंबर आणि बोटे दुखतात. तिला कुठून तरी पुडी मिळते, दोन दिवसांत हलके वाटते, चेहरा भरतो, शेजारणी म्हणतात तब्येत सुधारली. सांधेदुखीच्या आणि दम्याच्या अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असणे ही देशभरची जुनी गोष्ट आहे. या बाईला कोणी विचारले, ‘काही औषध चालू आहे का?’ तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. पुडीला ती औषध समजतच नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने जबडे आणि डोळे गेले, तेव्हा मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आले की काय होते हे सगळ्यांनी पाहिले. ती बुरशी होती, विषाणू नव्हे. दार मात्र तेच होते.

४. रिपोर्टही गप्प बसतो

इथे वाचक म्हणेल, लक्षणे फसवत असतील तर रक्त तपासा. तपासावेच. पण कोणते?

विषाणूंच्या बहुतेक स्वस्त तपासण्या विषाणू शोधत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्ये शोधतात. त्यांतले आयजीजी आढळले म्हणजे विषाणू कधीतरी भेटून गेला. सायटोमेगॅलोच्या बाबतीत ते जवळजवळ सगळ्यांतच आढळते, त्यामुळे त्या रिपोर्टला काही अर्थ नाही. आयजीएम ताज्या संसर्गाची खूण मानतात, पण ते बनवायला धड प्रतिकारशक्ती लागते, आणि नेमकी तीच नाही. मग ‘निगेटिव्ह’ असा ठळक शिक्का मारलेला कागद घेऊन रुग्ण निश्चिंत घरी जातो. विषाणूचा अंश थेट मोजणारी पीसीआर तपासणी यापेक्षा पुष्कळ बरी, पण तिलाही संदर्भ लागतो. एचआयव्हीच्या रुग्णाच्या रक्तात सायटोमेगॅलो सापडला म्हणजे त्याच्या डोळ्यात रोग आहेच असे नाही. त्यासाठी डोळा पाहावा लागतो. शरीराची अवस्था माहीत नसताना रिपोर्ट वाचणे हे लक्षण वाचण्याइतकेच फसवे आहे.

५. ओळख चुकली की उपचार उलटा होतो

साध्या माणसात निदान चुकले तर बहुधा वेळ आणि पैसा जातो. इथे चुकीचे निदान रोगाला मदत करते, आणि माझ्या मते हा मुद्दा सगळ्यांत गंभीर आहे.

मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या रक्तातले क्रिएटिनिन वाढू लागते. ताप नाही, वेदना नाही. शरीर नवे मूत्रपिंड नाकारत असेल तरी हेच दिसते आणि बीके विषाणूने ते पोखरले तरी हेच. नाकारत असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची. बीके असेल तर दाब कमी करायचा. अंदाजाने पहिला उपाय केला आणि आत बीके निघाला, तर विषाणूला मोकळे रान मिळाले. म्हणूनच चांगली केंद्रे पहिल्या महिन्यांत ठरावीक अंतराने रक्तातला बीके तपासतात, लक्षणाची वाट पाहत नाहीत.

दुसरे उदाहरण काविळीचे. हेपटायटिस बी होऊन गेलेल्या माणसाच्या यकृतात विषाणूचे बीज शिल्लक राहते. पुढे रिटुक्सिमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले की ते उसळते, कधी यकृत निकामी होईपर्यंत. वरवरची तपासणी निर्दोष येते, म्हणून जुन्या संसर्गाची प्रतिद्रव्येही उपचाराआधी पाहावी लागतात. एचआयव्हीच्या सरकारी गोळीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधे या काविळीलाही दाबून ठेवतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून कोणी गोळी सोडली तर दोन्ही विषाणू एकदम उठतात.

तिसरे, गावात सगळ्यांत जास्त गैरसमज पसरवणारे. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या की पहिल्या काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती परत येते आणि आजवर मुकाट असलेल्या संसर्गांवर तुटून पडते. नागीण उठते, गाठी सुजतात, डोळ्यात सूज येते. रुग्ण म्हणतो, गोळीनेच बिघडले. शेजारी दुजोरा देतात. गोळी बंद होते. खरे तर तेव्हा शरीर पहिल्यांदा बोलू लागलेले असते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप डॉक्टरांचाच: आपल्याकडे असे रुग्ण क्षयाने मरतात, विषाणूंचे कौतुक कशाला? क्षय हा पहिला मारेकरी आहे हे मान्य. पण ‘एका रुग्णाला एकच रोग’ हा निरोगी माणसातला आडाखा इथे मोडतो. क्षय सापडला की शोध थांबतो, आणि क्षयाची औषधे घेत घेत माणूस आंधळा होतो.

दुसरा: हे सगळे मोठ्या इस्पितळाचे काम, प्राथमिक केंद्रात काय होणार? याला उत्तर आपल्याच मुलखात आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूने होतो. एचआयव्ही असलेल्या बायकांना त्याचा धोका सहापट, म्हणून त्यांची तपासणी इतरांच्या तिशीऐवजी पंचविशीपासून करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख तीस हजार बायकांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. या विषाणूची आयुष्यात एकदाच तपासणी केलेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, २०१३ मध्ये, प्रशिक्षित बायकांनी केलेल्या व्हिनेगरच्या साध्या तपासणीने हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिथे काम चालले ते घरोघर जाऊन बोलावणाऱ्या आणि पुन्हा बोलावणाऱ्या माणसांमुळे. यंत्र नंतर आले.

तिसरा आक्षेप: उगाच घबराट. सत्तरीच्या आजोबांना नागीण झाली म्हणून एचआयव्ही तपासायचा का? वयाने प्रतिकार कमी होतोच. तिथे गोळी लवकर सुरू करणे महत्त्वाचे. पण पस्तिशीच्या माणसाला नागीण झाली तर चाचणी सुचवणे हा त्याचा अपमान नाही.

चौथा आक्षेप मात्र मला पुरता परतवता येत नाही. गाव लहान आहे. शरीराची अवस्था विचारायची म्हणजे गुपित उघडण्याचा धोका. २०१७ चा एचआयव्ही कायदा, जो सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला, तो संमतीशिवाय चाचणी आणि संमतीशिवाय वाच्यता दोन्हींना मनाई करतो. पण दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेल्या चार माणसांना हा कायदा कोण शिकवणार?

७. सीमेवरची फाइल

म्हणून माणसे स्वतःच वाट काढतात. ओळख पटू नये म्हणून निपाणीचा माणूस एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी कोल्हापूर किंवा मिरज गाठतो, खानापूरकडचा बेळगाव टाळून गोव्याला जातो; तिथेच कामाला असेल तर प्रश्नच नाही. घरी आला की ताप-खोकल्याला गावचा डॉक्टर. त्याला गोळ्यांचा पत्ता नाही, गोळ्या देणाऱ्याला स्टेरॉइडच्या पुडीचा पत्ता नाही. रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्याची पाटी कन्नडमध्ये, घरातले बोलणे मराठीत. एकाच शरीराची माहिती दोन-तीन राज्यांत वाटली गेलेली, आणि निदानाला ती एकत्र हवी. २०१७ पासून एचआयव्ही आढळला की सीडी-४ कितीही असो, औषध सुरू होते. हे चांगलेच झाले, पण सीडी-४ ला मग महत्त्व उरले नाही असा अर्थ काहींनी काढला. उशिरा आलेल्या रुग्णाचा तो आकडा ५० आहे की ३५०, यावर त्याचा डोळा तपासायचा की नाही हे ठरते.

लाज आणि निदान यांत तडजोड करायची तर एक वाट दिसते: प्रश्न निवडक माणसांना न विचारता सगळ्यांना विचारणे. बेळगावच्या मोठ्या इस्पितळात असो वा गावातल्या एका खोलीच्या दवाखान्यात, नागीण, न भरणारी जखम, जिभेवरचा थर, अंधुक नजर किंवा हळूहळू वाढणारा अशक्तपणा घेऊन आलेल्या प्रत्येकाला, मग तो सरपंच असो, शाळेतल्या बाई असोत की विड्या वळणारी, आतल्या खोलीत आणि एकट्याला विचारायचे की रोज कोणती गोळी, पुडी किंवा इंजेक्शन घेता, किती दिवस, आणि मधे कधी सोडले का. ‘औषध घेता का’ असे विचारू नये. पुडी दाखवायला सांगावे, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणायला सांगावीत. पुढे पाठवायच्या चिठ्ठीत रोगाचे नाव लिहिण्याची रुग्णाची तयारी नसेल तर ‘प्रतिकारशक्ती कमी, पडदा तपासावा’ एवढ्या चार शब्दांवर नेत्रतज्ज्ञाचे काम भागते. या चार शब्दांना ना पीसीआर लागते, ना सरकारी आदेश. चिठ्ठी लिहिणाऱ्याने विचारलेले असावे लागते, इतकेच.